वाचक विचारतात : बराकीतलं कॉलेज आणि गाणारी पोरं

प्रश्न : परवा मोबाईलवर अमेरिकेतल्या फिस्क युनिव्हर्सिटीच्या गायकांचा व्हिडिओ बघितला, अंगावर काटा आला. खाली लिहिलं होतं की हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेज आहे. म्हणजे तिथे फक्त काळ्या मुलांनाच घेतात का? मग हाही एक भेदभावच नाही का?

उत्तर : नाही हो ताई, आणि हा प्रश्न इतक्या जणांना पडतो की आज जरा सविस्तरच लिहिते. 1964 च्या आधी काळ्या मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून ज्या संस्था निघाल्या त्यांना 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यात हे नाव मिळालं, तिकडे शॉर्टमध्ये एचबीसीयू म्हणतात, अशा आज साधारण शंभर आहेत. अॅडमिशन कुणालाही मिळते, आणि आज या सगळ्या कॉलेजांत मिळून जवळपास एक चतुर्थांश मुलं कृष्णवर्णीय नसलेली आहेत. दारं बंद होती ती समोरच्या बाजूची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता, आणि गुलामगिरी गेल्यावरही गोऱ्यांच्या कॉलेजात काळ्या मुलांना पाऊल ठेवता येत नव्हतं. फिस्क मात्र सुरुवातीपासून म्हणत होतं की रंग कुठलाही असो, शिकायचं असेल तर या. उलट 1901 मध्ये, फिस्क जिथे आहे त्या टेनेसी राज्याने कायदाच केला की खासगी कॉलेजातसुद्धा गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र शिकायचं नाही. मग आता तुम्हीच सांगा, वेगळं कुणी केलं कुणाला?

प्रश्न : त्याच व्हिडिओत होतं की मुलांनी गाणी गाऊन कॉलेज वाचवलं. हे खरं आहे की नंतर रचलेली गोष्ट?

उत्तर : अगदी खरं आहे, आणि मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही. फिस्क सुरू झालं जानेवारी 1866 मध्ये नॅशव्हिलला, यादवी युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. जागा कुठली तर सैन्याने सोडलेल्या लाकडी बराकी, त्या मिळवून दिल्या जनरल क्लिंटन फिस्क यांनी म्हणून त्यांचंच नाव शाळेला. पहिल्या काही महिन्यांतच नऊशेच्या आसपास विद्यार्थी आले आणि वयं बघा, सात वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत. काल-परवापर्यंत कुणाच्या तरी मालकीची असलेली ही माणसं, आणि आता बाकावर बसून अक्षरं गिरवतायत. फिस्कमध्ये अजून सांगतात की पुस्तकांना पैसे नव्हते तेव्हा गुलामांच्या कोठड्यांतल्या गंजलेल्या बेड्या भंगारात विकून त्या पैशांतून स्पेलिंगची पुस्तकं आणली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला होता.

पाच वर्षांत बराकी कुजायला लागल्या, कर्ज वाढलं, शाळा बंद करायची वेळ आली. तेव्हा जॉर्ज व्हाइट म्हणून खजिनदार होते तेच गाणंही शिकवायचे, ते 6 ऑक्टोबर 1871 ला नऊ पोरापोरींना घेऊन दौऱ्यावर निघाले, त्यातले बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. पियानोवर होती एला शेपर्ड, तिचं स्वातंत्र्य तिच्या वडिलांनी पैसे मोजून विकत घेतलं होतं. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, हॉटेलवाले खोली द्यायचे नाहीत, लोक फारसे यायचे नाहीत, आणि सुरुवातीलाच एका कार्यक्रमात जे पन्नासेक डॉलर जमले ते या मुलांनी स्वतःला गरज असताना शिकागोच्या आगीत घरं गेलेल्यांना देऊन टाकले!

आधी ही मुलं त्या काळची पॉप्युलर गाणी म्हणायची. त्यांच्या आईबापांची खरी गाणी, गुलामगिरीत जन्मलेली भक्तिगीतं ज्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतात, ती परक्यांसमोर म्हणायला ती तयार नव्हती. दुखणं होतं ते त्यांचं, आणि घरच्यांसाठी पवित्र होतं, ते तिकीट लावून कसं विकायचं असं वाटायचं, आणि मला त्यांचं ते वाटणं पूर्ण पटतं. पण ओहायोत ओबरलिनला ही गाणी म्हटली आणि सभागृह गप्प झालं. तिथून चित्र पालटलं. ज्युबिली सिंगर्स हे नाव पडलं, ज्युबिली म्हणजे बायबलमधलं गुलामांच्या सुटकेचं वर्ष. 1873 मध्ये इंग्लंडला राणी व्हिक्टोरियासमोर गायले. या कमाईतून जमीन घेतली आणि ज्युबिली हॉल बांधला, 1876 मध्ये तो उघडला. दक्षिणेत काळ्या लोकांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली ती पहिली पक्की इमारत मानतात.

प्रश्न : माझ्या मुलाला अमेरिकन इतिहासात रस आहे. या कॉलेजांत शिस्त फार कडक असायची असं त्याने वाचलं. मुलं ऐकून घ्यायची?

उत्तर : नाही, आणि तेच मला आवडतं. 1920 च्या दशकात फेयेट मॅकेन्झी हे गोरे प्रेसिडेंट होते, मोठ्या देणगीदारांना बरं वाटावं म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र बंद केलं, विद्यार्थी मंडळ मोडीत काढलं, मुलींनी कपडे कसे घालायचे ते ठरवून दिलं, मुलामुलींनी एकत्र चालायचं नाही वगैरे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, जे 1888 ला फिस्कमधूनच पदवीधर झाले होते, त्यांनी 1924 मध्ये कॅम्पसवर येऊन सगळ्यांसमोर खडे बोल सुनावले. पुढच्या फेब्रुवारीत मुलांनी संप केला, वर्ग ओस पडले, आणि एप्रिल 1925 मध्ये मॅकेन्झींना राजीनामा द्यावा लागला.

मुलाला 1960 बद्दल पण वाचायला सांगा. डायान नॅश ही शिकागोची मुलगी फिस्कला आली आणि टेनेसीच्या जत्रेत फक्त काळ्यांसाठी वेगळं टॉयलेट तिने पहिल्यांदा बघितलं. काही महिन्यांत तीच आंदोलनाची पुढारी झाली. फिस्क आणि आजूबाजूच्या कॉलेजांतली मुलं दुकानांच्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर जाऊन शांतपणे बसायची, मार खायची, अटक व्हायची, पण हात उचलायची नाहीत, त्याचं रीतसर ट्रेनिंग त्यांना जेम्स लॉसन यांनी दिलं होतं. 19 एप्रिलला या मुलांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला तेव्हा हजारो लोक चालत सिटी हॉलवर गेले आणि नॅशने सगळ्यांदेखत मेयरला विचारलं की नुसत्या रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का. मेयर वेस्ट हो म्हणाले. 10 मेपासून काउंटर काळ्यांसाठीही उघडले.

प्रश्न : बाबासाहेबांचा आणि या लोकांचा काही संबंध आला होता का?

उत्तर : हो, आला होता. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत असं कळलं, त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांसाठी आम्हीही तसा विचार करतोय. डू बॉइस यांचं उत्तरही आलं, तुमचं नाव आणि काम मला माहीत आहे अशा आपुलकीचं.

प्रश्न : तो ज्युबिली हॉल अजून आहे का?

उत्तर : आहे तर! मुलींचं हॉस्टेल म्हणून वापरात आलेली ती इमारत आता राष्ट्रीय वारसा आहे. इंग्लंडच्या त्या दौऱ्यात काढलेलं मूळ गायकांचं भिंतभर चित्रही फिस्ककडेच आहे. ज्युबिली सिंगर्स अजून गातात, 2021 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. दर 6 ऑक्टोबरला कॅम्पसवर ज्युबिली डे असतो, त्या दिवशी आजचे गायक नॅशव्हिलमधल्या त्या जुन्या गायकांच्या कबरींपाशी जातात आणि तिथे उभं राहून तीच गाणी म्हणतात.