एकाच कॉम्प्युटरवर मराठी, कन्नड, इंग्रजी टाइप करताना वेळ कसा वाचवावा?

खानापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, रोज तिन्ही भाषांतले अर्ज येतात. माऊसने भाषा बदलत बसलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं! विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंगमध्ये तिन्ही भाषांचे कीबोर्ड टाकून ठेवा. मग विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

खरा जीव वाचवला तो विंडोज आणि व्ही या जोडीनं. पहिल्यांदा ते चालू करावं लागतं. नंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी समोर येतात. नाव, गाव, सर्व्हे नंबर सगळं आधी कॉपी करायचं, मग एकेक चिकटवायचं. पण आधार नंबरही तिथंच राहतो, म्हणून काम झालं की ‘क्लिअर ऑल’ दाबाच.

ब्राउझरमधला टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी. मोबाईलवर जीबोर्डच्या (गुगलच्या कीबोर्डच्या) स्पेसवरून बोट सरकवा, कर्सर हवा तिथं जातो.