सुवानी कॉलेजच्या संघाने 1899 साली सहा दिवसांत पाच फुटबॉल सामने खरोखरच जिंकले होते का?

टेनेसीतल्या एका लहानशा कॉलेजने 1899 साली सहा दिवसांत पाच सामने, तेही सगळे परगावी आणि एकही गुण न देता जिंकले, हा इतिहास आहे की दंतकथा, असे आपण विचारले आहे. हा इतिहास आहे. कॉलेजचे अधिकृत नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ, पण डोंगरावरच्या ज्या गावात ते आहे त्या गावाच्या नावाने, म्हणजे सुवानी म्हणूनच लोक त्याला ओळखतात. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात धरून धावण्याचा.

हा दौरा पराक्रम गाजवण्यासाठी नव्हे, तर पैशांची तोंडमिळवणी करण्यासाठी आखला गेला, हे मला त्यातले सर्वांत रंजक वाटते. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी तिकिटांच्या गल्ल्यावरून वाद झाला आणि मोसमातला सर्वांत किफायतशीर सामना हातचा गेला. ती खोट भरून काढण्यासाठी संघाचा व्यवस्थापक ल्यूक ली, जो स्वतः विद्यार्थीच होता, त्याने रेल्वेने सुमारे 4,000 किलोमीटरचा फेरा जुळवला. (हाच ली पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला आणि जानेवारी 1919 मध्ये हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या जर्मन कैसरला पळवून आणायला निघाला; तेव्हा असली वेळापत्रके आखणे हा त्याचा स्वभावच असावा.) 21 खेळाडू निघाले. परगावच्या पाण्याने पोटे बिघडू नयेत म्हणून सुवानीच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून गाडीत चढवले होते.

9 नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्ससवर 12-0, दहाला ह्यूस्टनमध्ये टेक्सस ए अँड एमवर 10-0 आणि अकराला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनवर 23-0 असे विजय मिळाले. बारा तारखेला रविवार होता, म्हणून विश्रांती. तेराला बॅटन रूझमध्ये लुइझियाना स्टेटवर 34-0 आणि चौदाला मेम्फिसमध्ये मिसिसिपीवर 12-0. बहुतेक रात्री आगगाडीच्या डब्यात झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे, असा क्रम होता.

त्या काळचे नियम लक्षात घेतल्याशिवाय या आकड्यांचे मोल कळत नाही. चेंडू पुढे फेकण्याची मुभा 1906 साली मिळाली. 1899 मध्ये चेंडू पाच यार्ड पुढे नेण्यासाठी तीनच प्रयत्न मिळत, त्यामुळे सगळा खेळ धडका, रेटारेटी आणि चेंडू लांब लाथाडणे यांवर चाले. टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, पाच गुण होते. कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा उठू शकतो. येथे मात्र बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे, म्हणून जखमी माणूसही मैदान सोडत नसे. ऑस्टिनमध्ये कर्णधार हेन्री साइबेल्सचे डोके फुटले, तरी तो खेळत राहिला.

संपूर्ण मोसमात बारा सामने, बारा विजय. 322 गुण केले आणि 10 दिले. कंबरलँडविरुद्धच्या 71-0 सारख्या एकतर्फी निकालांमुळे ती बेरीज फुगली आहे, हे मान्य करायला हवे. म्हणूनच मला स्वतःला त्या दौऱ्यापेक्षा 30 नोव्हेंबरचा माँटगमेरीतला ऑबर्नविरुद्धचा सामना अधिक मोलाचा वाटतो. ऑबर्नचे प्रशिक्षक जॉन हाइझमन होते, ज्यांच्या नावाचा करंडक आजही सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दिला जातो. मोसमात दिलेले दहाच्या दहा गुण याच एका सामन्यात गेले आणि सुवानी 11-10 असे कसेबसे निसटले. पंचगिरीवर चिडलेल्या हाइझमन यांनी आपली तक्रार थेट वर्तमानपत्रात नेली. त्यानंतर दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाला 5-0 असे हरवून मोसम संपला.

हेच कॉलेज 1932 साली साउथईस्टर्न कॉन्फरन्स या बड्या संघटनेच्या संस्थापकांत होते, पण 1940 मध्ये बाहेर पडेपर्यंत त्या संघटनेतला एकही सामना त्याला जिंकता आला नाही.