गणवेशाचं युनिट आणि महिला मंडळ: अनुदानाच्या दोन वेगळ्या वाटा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापूरच्या नई जिंदगी भागात तुम्ही आणि तुमच्या दोन जावा एका कारखान्याचे शाळेचे गणवेश जॉबवर, म्हणजे नगावर मजुरी घेऊन शिवता, मशिनीही कारखान्याच्याच. आता स्वतःच्या आठ मशिनी घालायच्या आहेत. शिवाय विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलींसाठी तुमचं मंडळ संध्याकाळी अभ्यासिका आणि शिवणवर्ग चालवतं. एका माणसाने सांगितलं, ‘अल्पसंख्याकांना केंद्राची मोफत ग्रँट आहे, दोन्हीला मिळून दहा लाख बसतील, फाईलचे १५ हजार द्या.’ आणि तुमची तेलुगू बोलणारी मैत्रीण भाषिक अल्पसंख्याक म्हणून यात बसेल का, असंही तुम्ही विचारलंय.

आधी एवढंच करा, ते १५ हजार देऊ नका. मी खाली ज्या योजना सांगणार आहे त्यांचा अर्ज ऑनलाईन भरायचा असतो आणि त्याला फी नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, तीसुद्धा आधार आणि पॅनवर फुकट होते.

दुसरं, धंदा आणि मंडळ एका अर्जात घालू नका. जवळजवळ प्रत्येकजण हीच चूक करतो. धंद्याला जे मिळतं ते कर्जाला जोडलेलं अनुदान असतं, हातात फुकट रोकड कोणी ठेवत नाही. संस्थेला निधी मिळतो, पण तो नफ्याच्या कामाला वापरता येत नाही. दोन्ही मिसळलेला प्रस्ताव बँकवाला परत करतो आणि देणगीदारही.

धंद्यासाठी तुमची मुख्य वाट म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी. २००८ पासून चालू आहे, आपल्याकडे जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी मंडळाकडून होतो. उत्पादनाच्या धंद्यात प्रकल्प ५० लाखांपर्यंत चालतो. त्यात ‘विशेष प्रवर्ग’ असतो: अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग. नीट बघा, यात महिलाही आहेत. म्हणजे तुम्ही नुसत्या बाई म्हणूनही त्यात बसता. मुस्लिम आणि महिला म्हणून दुप्पट मिळत नाही, आणि तुमच्या मैत्रिणीला भाषेचा कागद काढायची गरजच नाही. तसाही या योजनांमध्ये अल्पसंख्याक म्हणजे केंद्राने जाहीर केलेले सहा धर्म: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, आणि २०१४ पासून जैन. तेलुगू-कन्नड भाषिक अल्पसंख्याक दर्जाचा उपयोग शाळा-कॉलेज चालवणाऱ्या संस्थांना होतो, मशीन घ्यायला नाही. आपल्या सोलापुरात ही गल्लत फार होते.

आता हिशेब. समजा प्रकल्प ६ लाखांचा. विशेष प्रवर्गात स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ३० हजार. शहरात अनुदान २५ टक्के, म्हणजे दीड लाख. हेच युनिट ग्रामीण हद्दीत असेल तर ३५ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. तुम्ही भाड्याची जागा शोधताच आहात, तर कुंभारीच्या बाजूला ग्रामपंचायत हद्दीत गाळा मिळतोय का बघा. विडी कामगारांच्या घरकुलांमुळे शिवणाऱ्या बाया तिथेच राहतात, त्यांचा रिक्षाचा खर्च वाचेल. पण नुसत्या ६० हजारांच्या फरकासाठी जाऊ नका. तुमचा कापड देणारा आणि माल उचलणारा अक्कलकोट रोडवर असेल तर जाण्यायेण्यात तेवढे कधी संपले ते कळणारही नाही.

अनुदान लगेच हातात येत नाही, हेही मनाशी पक्कं करा. बँक आधी पूर्ण कर्ज देते. अनुदानाची रक्कम बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं ठेव म्हणून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावतही नाही. युनिट खरंच चालू आहे का याची तपासणी झाली की मग ती कर्जात वळती होते. मधेच कुलूप लागलं तर अनुदान परत जातं.

अर्ज एकीच्याच नावावर करा. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा-बायको, त्यामुळे जावांचा हक्क त्यांच्याकडे शाबूत राहतो. आणि युनिट नवीनच लागतं. तुम्ही आजवर कारखान्याच्या मशिनीवर मजुरीने शिवलंत, त्याची अडचण नाही. पण यापूर्वी कोणी तुमच्या नावावर युनिटची उद्यम नोंदणी करून ठेवली असेल तर लपवू नका, आधीच सांगा. तसं असेल तर तुमची वाट मुद्रा कर्जाची, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तारणाशिवाय.

बँकेत खरी परीक्षा कुठे होते ते सांगतो. मी गेली अनेक वर्षं बचतगटांच्या बायकांबरोबर बँकेत बसतो. गणवेशाच्या धंद्याचा अहवाल उघडला की साहेब एकच विचारतात: शाळा जूनमध्ये सुरू होतात, मार्च ते जून तुमच्या मशिनी फिरतील, दिवाळीनंतर हप्ता कशातून भरणार? छापील प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बारा महिने सारखीच विक्री दाखवलेली असते आणि तिथेच फाईल पडते. मागे एका बाईंनी माझ्यासमोर पिशवीतून वही काढली. दवाखान्याचे एप्रन, हॉटेलचे कोट, कंपनीच्या सिक्युरिटीचे शर्ट, कोणत्या महिन्यात किती नग शिवले आणि नगाला किती मजुरी मिळाली, सगळं पेन्सिलीने मांडलेलं. साहेबांनी तो छापील अहवाल बाजूला सारला आणि वहीच बघत बसले. तुमच्याकडे जॉबची अशी नोंद असणारच. ती काढा, कारखान्याच्या चिठ्ठ्या लावा, आणि निदान दोन गिऱ्हाइकांकडून ‘माल घेऊ’ असं लेखी आणा. मशिनींची कोटेशनं जीएसटी असलेल्या दुकानाचीच घ्या. शाळा सोडल्याचा दाखला सोबत ठेवा, धर्माची नोंद त्यावर असते.

जावांपैकी एकीसाठी पीएम विश्वकर्मा बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्क्यांनी आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. व्हाउचर परत करायचं नसतं, तुम्ही ज्याला ‘ग्रँट’ म्हणता त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. नोंदणी चालू आहे का ते आधी सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाईन सेवांच्या केंद्रात) विचारा. पीएमईजीपी ज्या नावाने करणार त्या नावाने हे करू नका. (यंत्रमागावर किंवा हातमागावर विणणारे या १८ मध्ये नाहीत. चादरीच्या गावात हे मला अजूनही खटकतं.)

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कर्ज देतं, अनुदान नाही. हे राज्याचं, त्यामागे अल्पसंख्याकांच्या राष्ट्रीय महामंडळाचा पैसा असतो, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मुदत कर्ज ६ टक्क्यांनी मिळतं. व्याज हलकं आहे, पण जामीनदार जमवण्यात महिने जातात. पीएमईजीपी अडली तरच तिकडे वळा.

आता मंडळ. इथे मला जास्त लिहायचंय, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

तुमचं मंडळ नोंदणीकृत नाही. त्यामुळे आज कोणत्याही ग्रँटला अर्ज करायचाच नाही, आधी नोंदणी. सात सभासद जमवा, धर्मादाय कार्यालयात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याच बरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदणी होते. उद्देश लिहिताना शिक्षण, कौशल्य, आरोग्य स्पष्ट घाला. फक्त धार्मिक उद्देश असले तर पुढे ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता, अडतं. मग संस्थेचा पॅन, बँक खातं, १२ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जी, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक. वर्षाला ऑडिट, चुकवायचं नाही.

आमच्या संस्थेत हे सगळं होतं. एका कंपनीच्या सीएसआर (कंपनीने समाजकामावर करायचा खर्च) अधिकाऱ्याने आमचा शिवणवर्ग पाहिला, त्यांना आवडला, आणि त्यांनी धर्मादायचा उतारा, म्हणजे नोंदलेल्या विश्वस्तांची नावं असलेला कागद, मागितला. मी काढून नेला. त्यांनी विश्वस्तांच्या नावांवर बोट ठेवत विचारलं, यांना भेटता येईल का? त्यातले दोघं वारलेले होते, एक तर सहा वर्षांपूर्वी. आम्ही सभेत ठराव केले होते, पण ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज कधी दिलाच नव्हता. चूक आमचीच, चिटणीस मीच होतो. बदल अर्ज मंजूर होऊन नवा उतारा हातात येईपर्यंत त्या कंपनीचं आर्थिक वर्ष संपलं आणि तो निधी दुसरीकडे गेला. तीस मुलींची बॅच त्या वर्षी बसली नाही. म्हणून सांगतो, विश्वस्त बदलला की त्याच महिन्यात अर्ज द्या.

सीएसआरचंही नीट समजून घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. आपल्याजवळ फताटेवाडीचा एनटीपीसीचा वीजप्रकल्प आहे, चिंचोळीत कारखाने आहेत. पण संस्थेला पैसे द्यायचे तर १२ए, ८०जी, सीएसआर-१ (कंपनी मंत्रालयाकडची) नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. म्हणजे तुम्हाला आज थेट मिळणार नाही. तोवर शहरातल्या एखाद्या जुन्या संस्थेचं उपकेंद्र म्हणून वर्ग चालवा, लेखी करार करून. परदेशी देणगीचा विचार तर आत्ता सोडाच, एफसीआरए, म्हणजे त्या देणगीसाठीच्या नोंदणीला तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

एजंटच्या यादीत मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनचं (ही केंद्राची वेगळी संस्था, वरचं महामंडळ नव्हे) नाव असेल तर ती यादी जुनी आहे. ते बंद करण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्येच निघाला. अल्पसंख्याक वस्त्यांत सोयी उभारणाऱ्या पंतप्रधान जनविकास कार्यक्रमाचे पैसेही संस्थेच्या खात्यात येत नाहीत. प्रस्ताव जिल्हा समितीतून जातो आणि इमारत सरकारी यंत्रणाच बांधते. मोहल्ल्यात अभ्यासिकेची इमारत हवी असेल तर नगरसेवक आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून ती मागणी वेगळी लावा.

तोवर एक गोष्ट फुकट आहे आणि आजच सुरू होते. वर्गाचं हजेरीपुस्तक घाला. तारीख, मुलीचं नाव, वय, आईचा व्यवसाय, मुलीची सही. कोणती मुलगी कधी शिवायला लागली आणि तिला पहिली मजुरी किती मिळाली, तेही त्यातच लिहा. नोंदणीचा क्रमांक यायला वेळ लागेल, पण तीन वर्षांनी सीएसआरवाला कामाचा पुरावा मागेल तेव्हा तो या आठवड्यापासूनचा दाखवता येईल. युनिटचा अहवाल लिहायला बसाल तेव्हा ती जॉबची वही घेऊन या, आकडे मी तुमच्याबरोबर बसून मांडून देतो.