वाचकांचे प्रश्न: घरातला धूर, दिसणारा आणि न दिसणारा

सासरे दिवसातून सात-आठ विड्या ओढतात, पण नेहमी गॅलरीत आणि मधलं काचेचं दार लावून. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. एवढी काळजी पुरेशी आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

नाही. सासऱ्यांनी दार लावण्याची सवय ठेवली आहे, म्हणजे बाळाची काळजी त्यांनाही आहे. तरी धूर आत येतोच. सरकत्या दाराच्या कडेला फट असते. त्यातच स्वयंपाकघरातला किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू असला, तर घरातून बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला गॅलरीतली हवा आत ओढली जाते. विडी विझल्यावर लगेच दार उघडलं, तर गॅलरीत साचलेला धूर थेट खोलीत येतो. शेवटच्या झुरक्यानंतरही पुढच्या काही श्वासांतून धूर बाहेर पडत राहतो.

‘सिगरेटपेक्षा विडी बरी’ असं अनेक घरांत मानतात. विडीत तंबाखू कमी असते हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं हवा आत घेत नाही आणि विडी पेटती ठेवायला जोरात, वरचेवर ओढावं लागतं. त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा कमी मिळत नाही.

दुसऱ्याच्या धुराने काय होतं, याबद्दल वैद्यकात आता वाद उरलेला नाही. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून दाखवलं, की नवरा जास्त ओढणारा असेल तर बायकोला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचं प्रमाण वाढतं. २००६ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-सल्लागार डॉक्टरांच्या, अहवालानुसार, अशा धुरात राहणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा २० ते ३० टक्के वाढतो. धुराची ‘एवढा चालेल’ अशी कोणतीही सुरक्षित पातळी नाही, हेही त्या अहवालाने स्पष्ट लिहिलं. तान्ह्या बाळांत याचे परिणाम म्हणजे वारंवार छाती भरणं, घरघर, कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं आणि झोपेत अचानक मृत्यू येण्याचा वाढलेला धोका.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत लक्षातच येत नाही. धुरातलं निकोटीन शर्टावर, मिशीत, बोटांवर, पडद्यांवर आणि गादीवर चिकटून राहतं. हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याची प्रक्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात, हे २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेने दाखवलं. हे आम्ल गॅसच्या ज्योतीतूनही निघतं, म्हणजे ते आपल्या प्रत्येक घरात थोडंफार असतंच. तुमचं बाळ आता लवकरच रांगेल आणि हात तोंडात घालेल.

म्हणून विडी गॅलरीत नको. इमारतीच्या खाली, खिडक्यांपासून दूर ओढायची. त्या वेळी अंगात एक वेगळा शर्ट असावा आणि तो घराबाहेरच्या खुंटीला राहावा. परत आल्यावर साबणाने हात-तोंड धुऊन, चूळ भरून, थोडं थांबून मगच बाळाला घ्यावं. गाडीत तर काच खाली करूनही नको, कारण एवढ्याशा जागेत धूर फार दाट होतो. सध्याचे पडदे आणि चादरी धुवा. गॅलरीलगतच्या भिंती व दार साबणाच्या पाण्याने पुसा.

हे सासऱ्यांना सुनेने सांगणं अवघड असतं. बाळाच्या लसीच्या वेळी त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच बोलू द्या. नातवासाठी ऐकणारे आजोबा पुष्कळ असतात. सोडायची तयारी दिसली, तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. निकोटीनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्यावं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागत असेल, तर सहसा २ ऐवजी ४ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती साध्या च्युइंगमसारखी सतत चावली की मळमळतं, उचकी लागते आणि माणूस दोन दिवसांत ती सोडून देतो. चार-सहा वेळा सावकाश चावायची, जिभेला झणका लागला की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, झणका गेला की पुन्हा चावायची. आधीची १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको, कारण तोंडात आंबटपणा आला की निकोटीन नीट शोषलं जात नाही.

नातवाला आंघोळीनंतर ओवा, वावडिंग आणि लसणाच्या सालांची धुरी देते. सूनबाई नको म्हणते. आमच्या घरात सगळी मुलं धुरीवरच वाढली. यात वाईट काय? — एक आजी, सातारा जिल्हा

आजी, धुरीमागचा तुमचा हेतू अगदी बरोबर आहे. तेल लावून न्हाऊ घातलेलं बाळ गारठू नये, जावळ लवकर सुकावं, टाळू उबदार राहावी. पण हे काम उष्णता करते, धूर करत नाही. निखाऱ्यावर ओवा टाका नाहीतर सालं टाका, जळताना जे बारीक कण उठतात ते लाकडाच्या धुरासारखेच असतात आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तान्हं बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं. त्याच्या श्वासनलिका इतक्या अरुंद असतात, की आतून थोडी सूज आली तरी घरघर सुरू होते. धुरीनंतर बाळ शिंकतं, डोळे चोळतं, मग शांत झोपतं. या झोपेचं श्रेय मालिशीला आणि गरम पाण्याला द्या.

धुरीच्या जागी हे करा. न्हाऊ घालण्याआधी खोलीचा पंखा बंद, झोत येणारी खिडकी लोटलेली. दोन मऊ पंचे उन्हात तापवून ठेवा. एकाने आधी डोकं, मग काखा, मांड्या, मानेच्या वळ्या टिपून घ्या. तो ओला पंचा बाजूला करून कोरड्यात गुंडाळा. टोपरं घाला आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण द्या. शेगडीच्या उबेपेक्षा ही ऊब बाळाला जास्त चांगली लागू पडते. कापूर जाळू नका आणि छातीला चोळूही नका. कापूर अंगात गेल्याने लहान मुलांना झटके येऊ शकतात.

आता याहून महत्त्वाचं. बाळंतिणीच्या बाजल्याखाली कोळशाची शेगडी ठेवून खोली बंद करण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती कृपा करून थांबवा. धूर निघून गेला, निखारे लालबुंद झाले, की आता धोका नाही असं वाटतं. पण त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर निघत असतो, आणि त्याला ना वास ना रंग. बाळंतिणीला शेक हवाच असेल, तर गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून द्या.

बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. मुलगी दोनदा आंघोळीनंतर चक्कर येऊन पडली. अशक्तपणा म्हणून रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. — एक वाचक, नाशिक

हे उत्तर वाचल्याबरोबर तो गीझर बंद करा. लक्षणं कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची वाटतात आणि तिसरी वेळ जिवावर बेतू शकते.

हिशेब असा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गीझर तासाला साधारण १२ घनमीटर हवा वापरतो. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच घनमीटरच्या आसपास हवा असते. दार-खिडकी बंद असेल तर अर्ध्या तासात एवढी सगळी हवा त्या ज्योतीतून जाऊन येते, आणि त्याच्या कितीतरी आधी प्राणवायू कमी पडून ज्योत नीट जळेनाशी होते. म्हणूनच एकामागोमाग आंघोळी करणाऱ्या घरात शेवटचा माणूस पडतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, पाय लटपटणं, आणि दाराची कडी काढायचं बळ जाईपर्यंत काय होतंय ते कळत नाही.

साध्या रक्ततपासणीत हे दिसत नाही. कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, वेगळं मोजायला सांगावं लागतं, तेही त्याच दिवशी. स्वच्छ हवेत आल्यावर हे प्रमाण ४-५ तासांत निम्मं होतं, शुद्ध प्राणवायूवर तासा-दीड तासात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला प्राणवायू धरलेल्या आणि हा वायू धरलेल्या रक्तातला फरक ओळखता येत नाही आणि तो ९८ दाखवत राहतो.

कुणी आत पडलं तर आधी दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा आणि माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि ‘गॅस गीझर’ हे शब्द सांगा. शुद्ध आली तरी रुग्णालयात न्याच, कारण मेंदूवर आणि हृदयावर परिणाम नंतरही दिसतात.

कायमचा उपाय म्हणजे गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणणं. एक्झॉस्ट पंखा लावला म्हणजे झालं, असं समजू नका. बंद बाथरूममध्ये आत यायला हवेला वाटच नसेल, तर पंखा काही उपयोगी पडत नाही. गीझर हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, आणि मगच आंघोळीला जा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर बर्नर साफ होईपर्यंत वापर बंद.

डास फार आहेत. रात्रभर कॉइल लावतो, खिडकी थोडी उघडी असते. चालेल? — एक वाचक, चिपळूण

नको. २००३ मध्ये चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या गेल्या, तेव्हा एक कॉइल जळून ७५ ते १३७ सिगरेटींएवढे बारीक कण बाहेर पडतात असं आढळलं. तरी डेंग्यूच्या दिवसांत नुसतं ‘कॉइल बंद करा’ म्हणून भागत नाही. खिडक्यांना बारीक जाळी आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा खरा उपाय. पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. पंखा वेगात ठेवला तर डास अंगावर बसू शकत नाहीत. कॉइल लावायचीच तर तिन्हीसांजेला, रिकाम्या खोलीत, आणि झोपण्याच्या तासभर आधी विझवून खिडक्या उघडा.

फोडणीच्या धुराने खोकला येतो. चिमणी कोणती घ्यावी? — एक वाचक, डोंबिवली

पाइपने हवा बाहेर सोडणारी. कोळशाचा फिल्टर लावून तीच हवा पुन्हा खोलीत सोडणारी चिमणी वास थोडा कमी करते, पण गॅसच्या ज्योतीतला नायट्रोजन डायऑक्साइड आणि बारीक कण बऱ्याच अंशी तसेच राहतात. शेगडीपासून उंची ६५ ते ७५ सेंटिमीटर ठेवा. पाइप आखूड असावा आणि त्याला शक्यतो एकच वळण असावं. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. तेल तापायला ठेवतानाच चिमणी सुरू करा, स्वयंपाक आटोपल्यावर १० मिनिटं चालू ठेवा. तेलातून धूर निघेपर्यंत वाट पाहू नका. जास्त आचेवरच्या तळणाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. जाळी दोन-तीन आठवड्यांनी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून धुवा.

एअर प्युरिफायर घ्यावा की हवा शुद्ध करणारी झाडं? — एक वाचक, पुणे

झाडं आवडतात म्हणून जरूर लावा. हवा शुद्ध होण्यासाठी मात्र नको. नासाचा १९८९ चा जो प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, तो लहान, बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांची एकत्र छाननी झाली तेव्हा दिसलं, की नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. १० बाय १२ च्या खोलीत शंभरावर कुंड्या झाल्या.

प्युरिफायर घेताना खोलीच्या घनफळावरून ठरवा. १० बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायला १७० घनमीटर शुद्ध हवा देणारं यंत्र हवं, आणि हा आकडा रात्री चालवाल त्या वेगाचा असावा; खोक्यावर सर्वांत जोरातल्या वेगाचा छापलेला असतो. हेपा फिल्टर कण धरतो. वायू धरायला कोळशाचा जाड थर लागतो, आणि कार्बन मोनॉक्साइड त्यालाही दाद देत नाही. म्हणून ‘प्युरिफायर आहे, घरात विडी-सिगरेट ओढली तरी चालेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

खालच्या मजल्यावरचा सिगरेटचा वास रात्री आमच्या बाथरूममधून येतो. — एक वाचक, ठाणे

वास येतो म्हणजे धूरही येतो. तो बहुतेक डक्टमधून, म्हणजे इमारतीत पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, चढतो. पाइप भिंतीतून जातात तिथल्या फटी सिलिकॉनने बुजवा. एक्झॉस्टच्या तोंडाला, पंखा बंद झाला की मिटणारी झडप बसवून घ्या. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये पाणी जाण्याच्या जाळीखाली साचलेलं पाणी सुकलं की तिथूनही वास येतो, म्हणून आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा. रात्री स्वयंपाकघराचा पंखा चालू ठेवू नका, नाहीतर तोच डक्टमधली हवा घरात ओढेल. त्याऐवजी डक्टच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवा. शेजाऱ्यांशी बोलताना तक्रारीने सुरुवात करू नका. धूर वर येतो हे बऱ्याचदा त्यांना माहीतच नसतं.