नागपूरमध्ये राहून समुद्र संवर्धनाच्या कामात कसं शिरता येईल?

नागपुरात प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि समुद्रासाठी काम करायचंय, पण समुद्र लांब, असं तुम्ही लिहिलंय. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि मग बंगालचा उपसागर. त्यामुळे सुरुवात नागेच्या काठावरच करा. काठाच्या गाळातलं प्लास्टिक मोजायला शिका.

पाऊस संपून पाणी उतरलं की गमबूट आणि रबरी हातमोजे घालून जा, पाण्यात उतरू नका, सांडपाणी आहे ते. वरचा 5 सेंटिमीटर गाळ स्टीलच्या चमच्याने काचेच्या बरणीत घ्या, झाकून वाळवा आणि 5 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. वर राहिलेले तुकडे वेगळे मोजा. खालच्या 200 ग्रॅममध्ये 600 मिलिलिटर मिठाचं पाणी (लिटरला 350 ग्रॅम) ओतून ढवळा आणि रात्रभर झाकून ठेवा. हलकं प्लास्टिक वर तरंगतं, म्हणून सकाळी वरचं पाणी फिल्टर पेपरमधून गाळा आणि कागदावरचे कण मोजा. हे मिठाचं पाणी वापरण्याआधीच एकदा गाळून घ्या, मिठातही प्लास्टिकचे कण असतात.

आकडे बिघडतात ते बहुतेक कपड्यांमुळे. पॉलिएस्टरचा धागा नमुन्यात पडतो आणि नदीच्या नावावर जमा होतो. सुती कपडे घाला, शेजारी एक ओला फिल्टर पेपर उघडा ठेवा आणि त्यावर पडलेले धागे शेवटी वजा करा. काडीकचराही तरंगतो, म्हणून शंका आली की भिंगाखाली तापवलेली सुई टेकवा. प्लास्टिक वितळतं किंवा आकसतं. बाटलीचं प्लास्टिक जड, ते या पाण्यात बुडतं, त्यामुळे तुमचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असेल. तसं वहीत लिहा.

एमएस्सीसाठी गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि पाँडिचेरी विद्यापीठाचं पोर्ट ब्लेअर केंद्र बघा. (बारावीत असता तर तेलंगखेडीचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय सुचवलं असतं.)

हिवाळ्याच्या सुट्टीत कोकण गाठा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. अंडी हलवायची तर घातल्यावर काही तासांतच, आणि वरची बाजू वरच ठेवून. नंतर गर्भ कवचाला चिकटतो, अंडं उलटलं की मरतो. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नका. तिथे काम मागताना नुसतं मदत करायचंय असं लिहिण्यापेक्षा पत्रासोबत नागेच्या मोजणीचा तक्ता जोडा, वजा केलेल्या धाग्यांच्या रकान्यासकट.