दत्तक, संगोपन, सांभाळ: फोस्टर केअरला मराठीत म्हणायचं तरी काय?

प्रश्न असा आलाय. एक ताई फोस्टर केअर (आईवडील सांभाळू शकत नसतील तेव्हा मुलाला दुसऱ्या कुटुंबाने आपल्या घरी ठेवणं) देणाऱ्या एका सेवेचं ‘ध्येय आणि मूल्ये’ असं दोन पानी पत्रक मराठीत करतायत. फोस्टर केअरला ‘दत्तक पालकत्व’ म्हणावं, ‘प्रतिपालन’ म्हणावं की ‘संगोपन’, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, ‘बालकेंद्री’ की ‘बालकेंद्रित’. आणि तिसरा, ध्येय आणि उद्दिष्ट यात फरक काय.

तिसरा आधी उडवून टाकतो. ध्येय म्हणजे ज्याचं ध्यान करावं ते, उद्दिष्ट म्हणजे ज्याकडे बोट दाखवलं ते. एक मनात धरायचं, एक गाठायचं. ‘प्रत्येक मुलाला आपलं वाटेल असं घर मिळावं’ हे ध्येय, आणि ‘भावंडांची ताटातूट करायची नाही’ हे उद्दिष्ट. झालं.

आता ‘दत्तक’. हा शब्द या संदर्भात ऐकून ऐकून माझे कान किटलेत. दा म्हणजे देणे, दत्त म्हणजे दिलेला, दत्तक म्हणजे दिलेलं मूल. दिलं कोण गेलं? मूल. मग ‘दत्तक पालक’ कोण? तर दिलेले पालक! म्हणजे मुलाने जाऊन आईबाप दत्तक घेतले असा अर्थ निघतो (कल्पना तशी वाईट नाही, पण पत्रकात तुम्हाला ते म्हणायचं नाहीये). आणि व्याकरण बाजूला ठेवलं तरी गोष्टच वेगळी आहे हो. दत्तकात जुनं कायदेशीर नातं संपतं आणि नवं कायमचं सुरू होतं. फोस्टर केअरमधे मूल कुणाला दिलेलं नसतं. त्याचे आईवडील आजारी असतील, अडचणीत असतील, काही काळ सांभाळू शकत नसतील, पण ते त्याचे आईवडीलच राहतात, आणि शक्य आणि सुरक्षित असेल तर मुलाने परत आपल्या घरी जावं हाच पहिला प्रयत्न असतो. मधल्या काळात दुसरं एक कुटुंब त्याला आपल्या घरात ठेवून घेतं, मग तो काळ चार दिवसांचा असो की मूल मोठं होईपर्यंतचा. परवा एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाने एका जोडप्याची ओळख ‘हे मुलांचे दत्तक आईवडील’ अशी करून दिली आणि मुलांची खरी आई तिथेच तिसऱ्या रांगेत बसलेली, दर पंधरा दिवसांनी मुलांना भेटायला येणारी, बरी होऊन मुलांना घरी न्यायची वाट बघणारी. तिचा चेहरा बघवेना. एका चुकीच्या शब्दाने तिची मुलं भर सभेत देऊन टाकली. आता लोक झाडं दत्तक घेतात, रस्ते दत्तक घेतात, वाघही दत्तक घेतात, त्यामुळे शब्द पार सैल झालाय हे मान्य, पण मुलांच्या बाबतीत तरी तो घट्ट ठेवा.

‘प्रतिपालन’ चुकीचा नाही, पण त्याला दरबाराचा वास आहे. प्रतिपालक म्हटलं की राजा आठवतो, आणि राजा आला की प्रजा आली, उपकार आले. शिवाय एक गंमत सांगतो, संस्कृत नाटकांत ‘क्षणं प्रतिपालय’ म्हणजे ‘जरा थांब’. प्रतिपाल् या धातूला ‘वाट बघणे’ हाही अर्थ आहे. या मुलांचं अर्धं आयुष्य वाट बघण्यातच जातं, निर्णयाची, भेटीची, कुणीतरी येऊन काहीतरी सांगण्याची, तेव्हा शब्द अनवधानाने अगदीच खरा ठरतो. पण ध्येय म्हणून तो नको.

इंग्रजी ‘फोस्टर’ मात्र दिसतो त्यापेक्षा घरचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘फोस्टर’ म्हणजे चक्क अन्न, पोषण. ‘फूड’चा तो सख्खा भाऊ, गुरांच्या चाऱ्याला ‘फॉडर’ म्हणतात तोही त्याच घरातला. आणि भाषाशास्त्रवाले या कुटुंबाचं मूळ जिथे नेऊन ठेवतात तिथेच आपला ‘पा’ बसलाय, रक्षण करणारा पा, ज्यातून पाल, पालक, गोपाल, भूपाल. राजकारणाच्या बातम्यांत रोज दिसणारा ‘क्षत्रप’सुद्धा याच ‘पा’चा, राज्य राखणारा तो. म्हणजे फोस्टर आणि पालक हे दूरचे का होईना भाऊबंद. आणि अन्नाचंच म्हणाल तर महाभारतातल्या शकुंतलेच्या आख्यानात तीन बाप सांगितलेत, शरीर देणारा, प्राण वाचवणारा आणि ज्याचं अन्न खाल्लं तो. तिसरा म्हणजे शब्दशः फोस्टर. हे ज्यांनी लिहिलं त्यांना इंग्रजी येत नव्हतं!

मग ‘पोसणे’ का नाही वापरायचं, असं कुणीतरी विचारणारच. अर्थाने बरोबर आहे, पुष् पासून आलेला, पोषणाचा मराठी अवतार. पण ‘तुला पोसतोय मी’ हे वाक्य कधी प्रेमाने उच्चारलेलं ऐकलंय का? ‘पाळणे’चंही तेच, पाळणाघर चालतं पण ‘पाळलेला मुलगा’ म्हणून बघा. पालक संस्कृत वेशात राहिला म्हणून त्याचा मान राहिला, पाळणे मराठीत उतरला आणि कुत्र्यामांजरांच्या वाट्याला गेला.

‘संगोपन’कडे येऊ, कारण सरकारी आणि संस्थांच्या मराठीत हाच रूढ आहे आणि वाईट नाहीच. पण याच्या पोटात काय आहे बघा. गो अधिक पा म्हणजे गोप, गाई राखणारा. या गोपवरून ‘गोपायति’ हे क्रियापद झालं, गुराख्यासारखा राखतो. मग लोकांना वाटलं की इथे ‘गुप्’ असा धातूच असणार, आणि तो धातू जन्माला आला, आणि राखून ठेवता ठेवता त्याचा अर्थ झाला लपवून ठेवणे. गुप्त, गुपित, सगळी त्याचीच पिल्लं. परंपरेचे पंडित हे मानत नाहीत, त्यांच्या धातुपाठात (संस्कृत धातूंची जुनी यादी) गुप् आधीपासून बसलाय आणि गोप त्याच्यानंतरचा. बसू दे. धातुपाठात आहे म्हणून धातू जुना हे म्हणजे रेशनकार्डावर नाव आहे म्हणून माणूस जिवंत म्हणण्यासारखं झालं.

तर संगोपनात राखणं आणि लपवणं दोन्ही आहे, आणि या क्षेत्रात नेमकी तीच चूक सारखी होते. मुलाला जपायचं म्हणून त्याच्यापासून सगळं लपवायचं. आई का येत नाही ते सांगायचं नाही, भाऊ कुठल्या घरी आहे ते सांगायचं नाही, पुढच्या आठवड्यात तू इथून जाणार आहेस तेही आदल्या रात्री सांगायचं. मोठ्यांना वाटतं आपण त्याचा त्रास वाचवतोय, आणि मूल मात्र स्वतःच उत्तर बनवतं, बहुतेकदा ‘माझंच काहीतरी चुकलं असणार’ हे. चांगल्या सेवा म्हणूनच मुलाची गोष्ट लिहून, फोटो जपून, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत त्याच्याच हातात ठेवतात. कुठे जन्मलो, कुणाकडे राहिलो, का हललो. तुमच्या मूल्यांच्या यादीत ‘गोपनीयता’ असेलच (हाही गुप्चाच नातू!), तर एक ओळ जोडा की ही गोपनीयता बाहेरच्या लोकांसाठी आहे, मुलासाठी नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो शब्द. सांभाळ. ‘मुलांना कोण सांभाळतं?’ असं आपण रोज विचारतो आणि पत्रक लिहायला बसलो की तोच शब्द आपल्याला गावठी वाटतो. बऱ्याच ठिकाणी याची व्युत्पत्ती सम् अधिक भृ, संभार, म्हणजे भार वाहणे अशी दिलेली सापडेल. मला ती कधीच पटली नाही. र चा ळ असा सहजासहजी होत नाही मराठीत, भार हा भारच राहिला, संभार हा संभारच राहिला. ळ येतो तो दोन स्वरांमधल्या एकट्या ल पासून, फल फळ, काल काळ, मूल मूळ. (आणि याच नियमाने मुलाला म्हणतो ते ‘मूल’ हे ‘मूळ’पासून आलेलं नाही, तसं असतं तर आपण ‘माझी मुळं शाळेत गेलीत’ म्हणालो असतो. जोडाक्षर होतं तिथेच ल टिकतो, मूल्यचं मोल झालं तसं. ‘मूल म्हणजे कुटुंबाचं मूळ’ असले सुविचार कृपया पत्रकात घालू नका.) लगेच कुणीतरी ‘र चा ळ झालाय की’ म्हणत हरिद्रेची हळद दाखवेल. दाखवा. तिथे प्राकृतातच ‘हलिद्दा’ होऊन बसलं होतं आणि प्राकृत वैयाकरणांना त्या मूठभर शब्दांसाठी वेगळं सूत्र करावं लागलं, ज्यात युधिष्ठिरही येतो (त्याच्याही र चा ल झाला). अपवादासाठी सूत्र लागतं यातच सगळं आलं.

माझं मत असं की सांभाळ हा ‘भल्’ या धातूच्या घरचा आहे. संस्कृतात ‘निभालयति’ म्हणजे बघतो, नीट लक्ष देऊन बघतो. त्याच भल् ला सम् लावा. आणि साक्षीदार शेजारीच आहे, गुजरातीत ‘सांभळवुं’ म्हणजे काय? ऐकणे! ‘सांभळो’ म्हणजे ‘ऐका’. आणि सांभाळून घेणे यासाठी ‘संभाळवुं’ही तिथेच. एकाच घरात एक भाऊ ऐकतो आणि दुसरा काळजी घेतो. मराठीने दुसरा ठेवला, पहिला हरवला. पण पूर्ण हरवला नाही असं मला वाटतं, कारण ‘सांभाळून जा’ म्हणतो तेव्हा आपण भार उचलायला सांगत नसतो, लक्ष ठेवायला सांगत असतो. ‘मुलाला आजी बघते’ म्हणतो तिथेही बघणं म्हणजेच काळजी घेणं. ज्यांना यात ओझंच दिसतं त्यांनी ते खुशाल वाहावं.

आणि हे नुसतं शब्दांचं वेड नाही, त्या ताईंच्या पत्रकाचा गाभाच हा आहे. बालहक्कांचा जो १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार आहे त्याचं १२ वं कलम सांगतं की मुलाला आपल्याबद्दलच्या गोष्टींत मत मांडायचा हक्क आहे आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजुतीप्रमाणे त्या मताला वजन द्यायचं. २० वं कलम घर सुटलेल्या मुलांबद्दल आहे, त्यात फोस्टर केअर नावाने आहे, आणि मुलाचं वाढणं मधेच तुटू नये, त्याचा धर्म, संस्कृती, भाषा यांचा विचार व्हावा असंही आहे. भाषा! म्हणजे नव्या घरात गेल्यावर मूल ज्या शब्दाने पाणी मागतं तो शब्द त्या घरात कुणाला तरी कळला पाहिजे. याला मी सांभाळ म्हणतो. खायला घातलं, कपडे दिले, वेळेवर शाळेत पाठवलं हा भार झाला, तो वाहणारे पुष्कळ असतात. रात्री दिवा बंद केला की हे मूल का दचकतं, ताटातली पोळी खिशात का लपवतं, आईचा फोन येऊन गेला की दोन दिवस का बिनसतं, हे ज्याच्या लक्षात येतं आणि जो त्याबद्दल रागावत नाही, तो सांभाळणारा. आणि त्या सांभाळणाऱ्याकडे लक्ष देणारं, रात्री अकराला फोन उचलणारं कुणीतरी सेवेत असावं लागतं, तेही लिहा, बहुतेक पत्रकांत तेवढंच राहून जातं.

इंग्रजी शब्द तसेच उचलून आणू नका एवढी विनंती. ‘प्लेसमेंट’ काय, मूल म्हणजे कपाट आहे का कुठेतरी ठेवायला? त्याला ‘घर’ म्हणा, ‘राहण्याची सोय’ म्हणा. ‘कॉन्टॅक्ट’ म्हणजे आईला भेटणं, मग ‘आईची भेट’ लिहा. ‘प्लेसमेंट ब्रेकडाउन’चं (मुलाचं त्या घरातलं राहणं मधेच मोडणं) भाषांतर एकाने ‘नियुक्ती भंग’ केलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय, जणू मुलाने नोकरी सोडली. आणि सांभाळणाऱ्यांना मुलाने काय हाक मारायची हे पत्रकात ठरवू नका. कुणी मावशी म्हणेल, कुणी काका, कुणी नावाने, कुणी तीन महिने काहीच म्हणणार नाही आणि मग एक दिवस आई म्हणून स्वतःच दचकेल. ते त्याचं त्याला ठरवू दे.

अरे हो, बालकेंद्री की बालकेंद्रित. दोन्ही चालतात, मी ‘बालकेंद्री’ लिहीन, तोंडात बसतो. पण ‘केंद्र’ हा मुळात आपला नाहीच हे माहितीय का? ग्रीक ‘केंट्रॉन’, ज्योतिषाच्या पुस्तकांबरोबर संस्कृतात आला. त्याचा मूळ अर्थ टोकदार काटा, बैलाला टोचायची पराणी, आणि मग त्यावरून कंपासचं रोवलेलं टोक. मुलाला कंपासच्या टोकाशी ठेवून सगळे मोठे त्याच्याभोवती फिरताहेत हे चित्र छानच आहे, फक्त काही बैठकांत मी पाहिलंय की मूल पराणीच्या टोकाशी असतं आणि सगळे टोचत असतात.

तर शीर्षकात ‘कुटुंबात सांभाळ’ लिहा, कंसात ‘फोस्टर केअर’ देवनागरीत, अर्जात आणि कायद्याच्या कागदात ‘संगोपन’ आहे ते राहू दे, आणि ‘दत्तक’ जिथे जिथे आहे तिथून काढा. ‘मूल्ये’ की ‘मूल्यं’ हेही तुम्ही शेवटी विचारलंय, बोलताना मूल्यं, छापताना मूल्ये, त्यावर भांडायला मला आज वेळ नाही. हळदीवर आहे.