‘ते खुळं’ की ‘तो खुळा’?

प्रश्न एका कथालेखिकेचा आहे. तिच्या कथेत बौद्धिक वाढ खुंटलेला वीस वर्षांचा मुलगा आहे, घरचे त्याला खोलीत कोंडून ठेवतात. तिनं निवेदनात ‘ते खुळं’ लिहिलं. संपादकांनी सगळीकडे खोडून ‘बौद्धिक दिव्यांग’ केलं. बरोबर कोण?

मला वाटतं, दोघंही नामावर अडकलेत. खरी गोम सर्वनामात आहे.

नामाचं आधी उरकू. ‘मंद’ ही काही जन्मजात शिवी नाही. ‘रघुवंशा’च्या आरंभी कालिदास स्वतःलाच ‘मन्द’ म्हणवतो, पोथ्यांचे कर्तेही ‘मी मंदमती’ म्हणून हात जोडतात. पुढे ‘मतिमंद’ हा निदानाचा शब्द झाला आणि तिथून पोरांच्या भांडणात गेला. इंग्रजीतल्या ‘मोरॉन’ची वाटही हीच: 1910 साली हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञानं तो वर्गीकरणासाठी घडवला होता. शिवाय ‘दिव्यांग’ हा शब्द ‘अपंग’ या अर्थानं रुळला तो 2015 नंतर. कथा 1970 सालची असेल तर त्यातला काका ‘खुळं’च म्हणणार, म्हणू द्यावं. निवेदकानं काकाची जीभ उसनी घ्यायचं काही कारण नाही.

आता ‘ते’. मराठीत नपुंसकलिंग लाडाचंही असतं, ‘लेकरू दमलं गं’. पण हे वाक्य बघा: ‘धाकटा कॉलेजातून आला तेव्हा ते दारामागं बसलं होतं.’ एकही अपशब्द नाही, तरी घरात माणूस एकच उरला.

गंमत पुढेच आहे. ‘तो’ आणि ‘ते’, दोन्हींचं सामान्यरूप ‘त्या’. त्याला कोंडलं, त्याचे हात बांधले, त्याच्यापुढे ताट सरकवलं: इथे लिंग कळतच नाही. ते कळतं तो स्वतः उठला, हसला, पळाला तर. आणि छळाच्या कथांत या माणसाच्या वाट्याला बहुतेक ‘त्याला’च येतं. तिथे नाम बदलून काय साधणार? त्यापेक्षा लेखिकेनं पानभर मजकुरात तो स्वतः किती वेळा काही करतो ते मोजावं. ‘त्याला उन्हातून आत ओढलं’ आणि ‘तो उन्हाकडे सरकला, काकानं दंड धरून आत ओढला’. दुसऱ्यात काकाचा हात दिसतो.

अमेरिकन लेखक फॉकनरनं 1929च्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ या कादंबरीचा पहिला भाग अशाच बेंजीच्या तोंडून सांगितला आहे. मराठीत हे केलं तर व्याकरणच मदतीला येतं. प्रमाण मराठीत ‘मी आलो’ असतं, ‘मी आले’ असतं. ‘मी आलं’ कुणी म्हणत नाही.